क्रिस्टेन्सन बंधू आणि सॅन फ्रान्सिस्कोचा बॅले

अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगहॅम सिटी नावाचं एक लहानसं गाव आहे. एका बाजूला वासॅच पर्वताची रांग आणि दुसऱ्या बाजूला खाऱ्या सरोवराकडे पसरत गेलेली सपाट जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉर्मन पंथाच्या लोकांनी ते वसवलं. बॅलेसारख्या दरबारी कलेचा या गावाशी काही संबंध असेल, असं सहसा कुणाच्या मनात येणार नाही. पॅरिस, मिलान, सेंट पीटर्सबर्ग ही त्या कलेची माहेरघरं. तरीही अमेरिकन बॅले मंडळीकडून पूर्ण लांबीचा 'स्वान लेक' आणि पूर्ण लांबीचा 'नटक्रॅकर' पहिल्यांदा बसवून घेणारा माणूस या गावात जन्मला. नृत्यरचनाकार बालांशीनच्या 'अपोलो'त नायक म्हणून उभा राहिलेला पहिला अमेरिकन नर्तक त्याचा धाकटा भाऊ. आणि या दोघांच्या मधला भाऊ 35 वर्षं एका नृत्यशाळेत मुलामुलींना शिकवत राहिला. विलम, हॅरल्ड आणि ल्यू क्रिस्टेन्सन. अमेरिकन बॅलेचा इतिहास बहुतेक वेळा न्यूयॉर्कपासून सुरू होतो आणि न्यूयॉर्कलाच संपतो, म्हणून या तिघांची हकिगत सविस्तर सांगावीशी वाटते.

तिची सुरुवात आजोबांपासून होते. लार्स क्रिस्टेन्सन 1854 साली डेन्मार्क सोडून अमेरिकेत आला. तो मॉर्मन झाला होता आणि व्हायोलिन वाजवायचा. त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती पंथांना नाच म्हणजे पापाची पहिली पायरी वाटे. मॉर्मनांचं तसं नव्हतं. पश्चिमेकडे निघालेल्या त्यांच्या बैलगाड्यांचे तांडे संध्याकाळी थांबले, की शेकोटीभोवती फिडल वाजे आणि माणसं नाचत. पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग याला नाच आणि नाटक दोन्हींची आवड होती. नाचाच्या मेळाव्याला प्रार्थनेने सुरुवात व्हायची. अशा समाजात नाच शिकवणारा माणूस प्रतिष्ठित गृहस्थ मानला जायचा. लार्सच्या मुलांनी आणि नातवांनी संगीत आणि नृत्य शिकवणं हा घरचा धंदाच केला आणि युटापासून थेट पोर्टलंडपर्यंत आपल्या शाळा काढल्या. आपल्याकडे घराण्याची गायकी जशी बापाकडून, काकाकडून, घरातल्या बैठकीतून मुलाच्या अंगात उतरते, तसंच काहीसं या घरात झालं. विलम 1902 साली जन्मला, हॅरल्ड 1904 साली आणि ल्यू 1909 साली. तिघेही वाद्यं शिकले, समाजात नाचले जाणारे नाच शिकले, आणि मग काका पीटरच्या हाताखाली बॅलेकडे वळले.

पीटर स्वतः न्यूयॉर्कला जाऊन स्टेफानो मास्काग्नो या इटालियन गुरूकडून शिकून आला होता. त्यामुळे या मुलांच्या अंगात इटालियन पद्धत बसली. वेगवान पायकाम, जोरदार गिरक्या, स्वच्छ उड्या. तंत्र चांगलं होतं. अडचण अशी, की ते घेऊन जायचं कुठे? 1920च्या दशकात अमेरिकेत बॅलेची एकही कायमस्वरूपी मंडळी उभी नव्हती. रशियन कलावंत दौऱ्यावर येत, टाळ्या घेत आणि परत जात. पुरुषाने बॅले नाचावं ही कल्पनाच सामान्य अमेरिकन माणसाला चमत्कारिक वाटे. उरला फक्त व्हॉडव्हिलचा रंगमंच.

व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात दहा तऱ्हा. कसरतपटू, विनोदवीर, शिकवलेले कुत्रे, गाणारी जोडपी, जादूगार. प्रत्येकाला थोडीच मिनिटं, दिवसातून अनेक खेळ, आणि मग पुढच्या गावाची आगगाडी. क्रिस्टेन्सन बंधूंनी 1927 पासून त्यात उडी घेतली. त्यांच्या संचाचं एक नाव होतं 'ले क्रिस्ट रेव्ह्यू'. फ्रेंच वाटणारं नाव प्रेक्षकांना बरं वाटे. काम मात्र अस्सल बॅलेचंच होतं, फक्त वेग वाढवलेला आणि फापटपसारा काढून टाकलेला. बॅलेच्या अभ्यासकांनी या वर्षांकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. पोटासाठी केलेला बाजारू उद्योग म्हणून ते पुढे निघून जातात. मला ही वर्षं फार मोलाची वाटतात. ज्या प्रेक्षकाने बॅले हा शब्दही ऐकलेला नाही, त्याला काही मिनिटांत धरून ठेवायचं, ही तालीम दुसऱ्या कुठल्याही शाळेत मिळाली नसती. पुढे विलमने हजारो कुटुंबांना ऑपेरा हाउसमध्ये आणून बसवलं, त्याची पूर्वतयारी इथे झाली.

बोलपट आले आणि पाठोपाठ मंदी आली. व्हॉडव्हिलची थिएटरं एकामागून एक सिनेमागृहं झाली. 1932 साली विलमने रस्त्यावरचं आयुष्य सोडलं आणि ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरात शाळा काढून बसला. त्याची जागा संचात हॅरल्डने घेतली. दोन वर्षांनी तो संचही मोडला आणि हॅरल्ड व ल्यू न्यूयॉर्कमध्ये काम शोधू लागले. ते 'द ग्रेट वॉल्ट्झ' या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेत नाचले. त्याच सुमाराला जॉर्ज बालांशीन नावाचा तरुण रशियन नृत्यरचनाकार लिंकन कर्स्टीन या अमेरिकन कलाप्रेमीच्या बोलावण्यावरून अमेरिकेत आला होता. जानेवारी 1934 मध्ये त्यांची 'स्कूल ऑफ अमेरिकन बॅले' सुरू झाली आणि दोघे भाऊ तिथे पोचले.

ल्यू उंच, सोनेरी केसांचा, देखणा आणि अंगाने बांधेसूद. व्हॉडव्हिलमधल्या रोजच्या खेळांनी त्याचं तंत्र पक्कं झालं होतं. एप्रिल 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावरचा बॅले महोत्सव झाला. वाद्यवृंदाचं संचालन खुद्द स्ट्राव्हिन्स्कीने केलं. त्यात बालांशीनने 'अपोलो' बसवला आणि अपोलोची भूमिका ल्यूला दिली. पॅरिसमध्ये जन्मलेली, ग्रीक देवाची ती भूमिका मॉर्मन वस्तीतून आलेल्या मुलाने पेलली. अमेरिकन पुरुषाचं शरीर शास्त्रीय बॅलेसाठी घडू शकतं का, हा प्रश्न त्यानंतर गंभीरपणे विचारण्याचं कारण उरलं नाही.

कर्स्टीनला अमेरिकन विषयांवरचे, अमेरिकन माणसांनी केलेले बॅले हवे होते. त्यासाठी त्याने 1936 साली 'बॅले कॅराव्हॅन' ही लहान मंडळी काढली. हॅरल्ड आणि ल्यू दोघेही तिच्यात होते. तिथे ल्यू नृत्यरचना करू लागला. 6 जानेवारी 1938 रोजी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी त्याचा 'फिलिंग स्टेशन' पहिल्यांदा झाला. राजकुमार नाही, हंस नाही, परी नाही. नायक आहे मॅक, महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारा पोऱ्या. ट्रकवाले येतात, एक प्रवासी कुटुंब येतं, दारू प्यालेलं श्रीमंत जोडपं येतं, दरोडेखोर येतो. संगीत व्हर्जिल थॉम्सनचं, नेपथ्य आणि पोशाख चित्रकार पॉल कॅडमसचे. आजच्या माणसाला विषय साधा वाटेल. पण शास्त्रीय बॅलेच्या भाषेत पंपावरच्या पोऱ्याची गोष्ट सांगता येते, हे त्या काळात कुणीतरी करून दाखवावं लागलं. त्या मॅकच्या उड्यांमध्ये मला व्हॉडव्हिलचा रंगमंच दिसतो.

इकडे पश्चिम किनाऱ्यावर विलमचं नशीब वेगळ्या वाटेने उघडत होतं. सॅन फ्रान्सिस्को ऑपेराचा संस्थापक गाएतानो मेरोला याने 1933 साली ऑपेराला जोड म्हणून एक बॅले मंडळी उभी केली होती. तिचा पहिला प्रमुख अ‍ॅडॉल्फ बोल्म. बोल्म हा सेंट पीटर्सबर्गचा नर्तक. 1908च्या दौऱ्यात तो थोर बॅलेरिना अ‍ॅना पाव्हलोव्हाचा जोडीदार होता आणि पुढे रशियन निर्माता डियागिलेव्हच्या मंडळीत गाजला. (हीच पाव्हलोव्हा पुढे मुंबईत येऊन गेली. तिच्याकडून प्रोत्साहन घेतलेल्या मादाम मेनकांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. पाव्हलोव्हाच्या दौऱ्यांनी किती देशांत किती माणसांना नादाला लावलं, याचा हिशेब खरोखर थक्क करणारा आहे.) बोल्मनंतर सर्ज उक्रेन्स्की आला. 1937 साली विलम प्रमुख नर्तक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत दाखल झाला आणि 1938 साली मंडळीची सूत्रं त्याच्याकडे आली. पोर्टलंडच्या शाळेत घडवलेले काही तरुण नर्तक तो बरोबर घेऊन आला. जॅनेट रीड ही त्यांतली सर्वांत चमकदार.

ऑपेराच्या बॅले मंडळीचं काम म्हणजे गाणाऱ्यांच्या मागे मेजवानीच्या प्रवेशात थोडं नाचून दाखवणं. विलमला तेवढ्यावर समाधान नव्हतं. 1939 साली त्याने पूर्ण 'कोपेलिया' केला. पुढच्या वर्षी चायकोव्हस्कीची जन्मशताब्दी होती. रशियन क्रांतीनंतर देश सोडलेल्या अनेक कुटुंबांची सॅन फ्रान्सिस्कोत वस्ती होती आणि आपल्या संगीतकाराची शताब्दी साजरी व्हावी अशी त्यांची इच्छा होती. विलमने ही संधी घेतली आणि सप्टेंबर 1940 मध्ये पूर्ण 'स्वान लेक' रंगमंचावर आणला. ओडेट जॅकलिन मार्टिन, ओडील जॅनेट रीड आणि राजपुत्र ल्यू. न्यूयॉर्कमध्ये कुठलीही अमेरिकन मंडळी अजून त्या वाटेला गेलेली नव्हती. पूर्ण बॅले कधी पाहिलेला नसताना तो बसवायला हिंमत लागते. विलमकडे ती भरपूर होती. माहिती नसेल तिथे तो माहीतगार माणसं शोधून काढी, त्यांच्या आठवणी ऐके आणि उरलेलं स्वतः रचे.

1942 साली ऑपेराने बॅलेचा भार उतरवून टाकला. युद्ध सुरू झालं होतं, पैसा आटला होता. अशा वेळी विलम आणि हॅरल्ड यांनी मंडळी आणि शाळा स्वतःकडे घेतली. हॅरल्ड 1940 पासून शाळा सांभाळतच होता. मदतीला शहरातल्या रसिकांचा सॅन फ्रान्सिस्को बॅले गिल्ड उभा राहिला. कलावंतांनी स्वतःच्या अंगावर संस्था घेणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचा इतिहास वाचलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सकाळी शिकवणी, दुपारी तालीम, रात्री प्रयोग आणि मधल्या वेळात घरमालकाला उत्तर.

त्याच वर्षी ल्यू सैन्यात गेला. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. परतला 1946 साली, 37व्या वर्षी. नर्तकाच्या आयुष्यातली ही चार वर्षं म्हणजे ऐन भराचा काळ. बालांशीनने निवडलेला अपोलो या वर्षांत गणवेशात होता. परत आल्यावर तो नाचला, शिकवू लागला, रचना करू लागला, पण ते पूर्वीचं शरीर काही परत मिळालं नाही. युद्धाने कलेचं काय नेलं याची गणती करताना मेलेल्या माणसांची नावं लिहिली जातात. जिवंत परतलेल्यांचं काय गेलं, याची नोंद क्वचितच होते. ल्यूच्या बाबतीत ती व्हायला हवी.

आता 1944च्या 'नटक्रॅकर'विषयी. हा बॅले मूळ सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये डिसेंबर 1892 मध्ये झाला होता. लंडनला 1934 साली त्याचा पूर्ण प्रयोग झाला होता. अमेरिकेत त्याचे तुकडे माहीत होते, एक छोटी आवृत्तीही दौऱ्यावर फिरत होती, पण सगळा बॅले कुणी पाहिलेला नव्हता. विलमनेही नाही. त्या सुमाराला 'बॅले रूस द माँटे कार्लो' ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत आली होती. तिच्याबरोबर बालांशीन आणि थोर बॅलेरिना अलेक्झांड्रा डानिलोव्हा दोघेही होते. दोघेही मारिन्स्कीच्या शाळेत वाढलेले. विलमने त्यांना घरी बोलावलं आणि लहानपणी पाहिलेल्या त्या प्रयोगाविषयी विचारायला सुरुवात केली. झाड कसं वाढायचं, पाहुणे कुठून यायचे, उंदरांची लढाई कशी व्हायची. सांगता सांगता डानिलोव्हा उठली आणि पावलं करून दाखवू लागली. बालांशीनने तिला थांबवलं. पावलं दाखवू नकोस, रचना त्याची त्यालाच करू दे, असं त्याचं म्हणणं होतं. या एका वाक्यात बालांशीनचा मोठेपणा दिसतो, आणि विलमवरचा त्याचा विश्वासही.

सगळा प्रयोग उभा करायला सुमारे 1,000 डॉलर हाती होते. युद्धकाळात कापडावर निर्बंध होते. एका गिऱ्हाइकाला 10 यार्डांपेक्षा जास्त मिळत नसे. मग मंडळीतली माणसं दुकानांपुढे रांगा लावून आपापल्या वाट्याचं कापड आणत. रसेल हार्टली हा मंडळीतलाच तरुण पोशाखांचा प्रमुख झाला. बंद पडलेल्या कोर्ट थिएटरचा लाल मखमली पडदा मिळाला आणि तो फाडून अंगरखे शिवले गेले. नर्तकांनी स्वतः टाके घातले. 24 डिसेंबर 1944 रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, वॉर मेमोरियल ऑपेरा हाउसमध्ये पडदा वर गेला. शुगर प्लम फेअरी होती जिझेला काचालांझा, ल्यूची पत्नी. ती मिलानमध्ये थोर बॅलेगुरू एन्रिको चेकेट्टीकडे शिकलेली, त्याची मानलेली मुलगी. नवरा सैन्यात होता, म्हणून तिचा जोडीदार झाला तिचा थोरला दीर विलम. स्नो क्वीन झाली जोसेलिन व्हॉल्मर, याच शाळेत लहानाची मोठी झालेली मुलगी.

प्रयोग रंगला. लहान मुलं घेऊन लोक आले. दूरच्या आघाड्यांवर ज्यांची माणसं लढत होती अशी कितीतरी कुटुंबं त्या प्रेक्षागृहात होती, आणि समोर एका घरातला नाताळ, झाड, भेटवस्तू, एका मुलीचं स्वप्न. या बॅलेत त्या वर्षी काय दडलेलं होतं ते त्यांना सांगावं लागलं नाही. पुढच्याच वसंत ऋतूत याच ऑपेरा हाउसमध्ये 50 राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर त्यांच्या चर्चा झाल्या.

'नटक्रॅकर' सॅन फ्रान्सिस्कोत दरवर्षी होऊ लागला तो 1949 पासून. बालांशीनने न्यूयॉर्कमध्ये आपला 'नटक्रॅकर' केला फेब्रुवारी 1954 मध्ये. त्यानंतर दूरचित्रवाणीवर तो दाखवला गेला आणि देशभर साथ पसरावी तसा पसरला. आज अमेरिकेतल्या शेकडो मंडळ्या डिसेंबरात मिळालेल्या तिकिटांच्या पैशावर उरलेलं वर्ष काढतात. या सगळ्याचं मूळ कोर्ट थिएटरच्या फाटक्या पडद्यापाशी आहे आणि ते विसरणं अन्यायाचं आहे.

1949 साली ल्यू थोरल्या भावाबरोबर सहसंचालक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत आला. 1951 साली विलम युटाला परतला. तिथल्या विद्यापीठाने बॅले शिकवण्यासाठी त्याला बोलावलं होतं. अमेरिकन विद्यापीठात बॅलेचा स्वतंत्र विभाग असण्याची ही पहिलीच वेळ. कारकिर्दीच्या ऐन बहरात किनाऱ्यावरचं मोठं शहर सोडून डोंगरातल्या गावाकडे जाणं अनेकांना वेडेपणा वाटला असेल. विलमने तिथे विद्यार्थी घडवले, 1955 पासून दर नाताळला 'नटक्रॅकर' करू लागला, 1963 साली युटा सिव्हिक बॅले ही व्यावसायिक मंडळी उभी केली. तीच पुढे 'बॅले वेस्ट' झाली. म्हणजे या एका घराने एकाच पिढीत दोन मंडळ्या वसवल्या.

ल्यूचा स्वभाव आणि विलमचा स्वभाव यांत मोठं अंतर होतं आणि ते त्यांच्या कामात दिसतं. विलम खेळ उभा करणारा, माणसं गोळा करणारा, प्रेक्षकाची नाडी ओळखणारा. ल्यूला रचनेची शिस्त आणि मोजकेपणा प्रिय. बालांशीनशी त्याचं नातं टिकून होतं. बालांशीनची न्यूयॉर्क सिटी बॅले आणि ल्यूची मंडळी यांच्यात रचनांची देवाणघेवाण होई. 1952 साली बालांशीनचा 'सेरेनाड' सॅन फ्रान्सिस्कोला आला, आणि 1953 साली ल्यूचे 'फिलिंग स्टेशन' आणि 'कॉन अमोरे' न्यूयॉर्क सिटी बॅलेने घेतले. तिथे मॅकच्या भूमिकेत जाक दांबोआज या तरुणाने नाव कमावलं. रोसिनीच्या संगीतावरचा 'कॉन अमोरे' पाहताना ल्यूची विनोदबुद्धी कळते. एका दरोडेखोराला पकडणाऱ्या अ‍ॅमेझॉन स्त्रिया, नवऱ्याच्या गैरहजेरीत प्रियकरांची गर्दी झालेली बाई, आणि शेवटी सगळ्यांना बाण मारणारा मदन. इतकी हलकीफुलकी रचना इतक्या काटेकोर तंत्रात बांधणं सोपं नाही.

1956 साली मंडळी पूर्वेकडच्या जेकब्स पिलो महोत्सवात गेली आणि 1957 साली अमेरिकी परराष्ट्र खात्याने तिला आशियातल्या 11 देशांच्या दौऱ्यावर पाठवलं. शीतयुद्धाचे दिवस होते. रशियन बॅलेला उत्तर म्हणून आपल्याकडेही बॅले आहे असं जगाला सांगण्याची सरकारला निकड होती. न्यूयॉर्कबाहेरच्या एका मंडळीवर ही जबाबदारी यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

1963च्या अखेरीस फोर्ड फाउंडेशनने बॅलेसाठी 77 लाखांहून अधिक डॉलर जाहीर केले. सर्वांत मोठा वाटा बालांशीनच्या मंडळीला आणि शाळेला. उरलेला बॉस्टन, फिलाडेल्फिया, ह्यूस्टन, युटा, सॅन फ्रान्सिस्को अशा ठिकाणी. आधुनिक नृत्याला काहीच नाही. यावर मोठा गहजब झाला आणि टीकाकारांचं म्हणणं बरंच खरं होतं. एकाच सौंदर्यदृष्टीवर एवढा पैसा ओतणं गैरच होतं. पण न्यूयॉर्कबाहेरच्या मंडळ्यांच्या बाजूने पाहिलं, तर त्या पैशाने होतकरू मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि नर्तकांना थोडे अधिक आठवडे पगार मिळाला. क्रिस्टेन्सनांच्या दोन्ही मंडळ्या त्या यादीत होत्या.

पैशाची ओढाताण मात्र संपली नाही. 1973 साली मायकेल स्मुइन सहसंचालक म्हणून आला. मोंटानाच्या मिझुला गावचा हा मुलगा युटामध्ये विलमच्याच हाताखाली तयार झालेला. दुसऱ्याच वर्षी मंडळी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. 'आमचा बॅले वाचवा' अशी मोहीम निघाली. नर्तक रस्त्यांवर, चौकांत, फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात नाचले आणि डबे घेऊन पैसे मागत फिरले. शहराने पैसे दिले. लहान मुलांनी खाऊच्या पैशांतून दिले, मोठ्या घराण्यांनी चेक दिले. ज्या शहरातल्या दोन पिढ्या दर डिसेंबरात त्या ऑपेरा हाउसमध्ये जाऊन बसल्या होत्या, ते शहर आपली मंडळी बुडू देणार नव्हतं. तीस वर्षांपूर्वी विलमने पेरलेलं इथे उगवलं असं मी मानतो.

स्मुइन हा खरा विलमच्या वळणाचा. भव्य, नाट्यमय, प्रेक्षकांना खेचणारा. त्याचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' आणि 1980चा 'द टेम्पेस्ट' दूरचित्रवाणीवरून देशभर दिसले. 1984च्या ऑक्टोबरात ल्यू वारला. त्याच्या पाठोपाठ स्मुइन आणि विश्वस्त यांच्यातला वाद चिघळला, शहरात दोन तट पडले आणि स्मुइनला जावं लागलं. 1985 साली हेल्गी टोमासन न्यूयॉर्क सिटी बॅलेतून आला. मूळचा आइसलंडचा, बालांशीनच्या मंडळीतला अव्वल नर्तक. पुढची 37 वर्षं त्याने मंडळी सांभाळली आणि तिला जगातल्या पहिल्या रांगेत नेलं. 2022च्या अखेरीस तामारा रोहो आली. ही सगळी प्रकरणं मोठी आहेत, पण त्यांची दखल पुष्कळांनी घेतली आहे. मला शेवटी हॅरल्डकडे यायचं आहे.

हॅरल्डच्या नावावर गाजलेला बॅले नाही. त्याची अपोलोसारखी भूमिका नाही. 'नटक्रॅकर'च्या हकिगतीतही त्याचं नाव मागे राहतं. बॅले कॅराव्हॅनमधून तो पश्चिमेला परतला, 1940 साली शाळा हातात घेतली आणि 1975 साली ती सोडली. त्याची पत्नी रूबी अ‍ॅस्क्विथ, पोर्टलंडच्या शाळेची विद्यार्थिनी आणि मंडळीतली प्रमुख नर्तकी. वर्षानुवर्षं रोज सकाळी बार धरून उभ्या असलेल्या मुलांच्या रांगेसमोर हॅरल्ड उभा राहिला. कुणाचा गुडघा वळतोय, कुणाची टाच उचलतेय, कुणाच्या पाठीत ताठा नाही, हे पाहत राहिला. मंडळी कधी भावांच्या ताब्यात, कधी कर्जात, कधी परदेशी दौऱ्यावर. शाळा रोज भरत होती.

त्या शाळेतून सिंथिया ग्रेगरी निघाली आणि अमेरिकन बॅले थिएटरची आघाडीची बॅलेरिना झाली. कॉनरॅड लडलो आणि सुकी शोरर न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेले, आणि शोररने पुढे बालांशीनचं तंत्र शिकवण्यात आयुष्य घातलं. टेरी ऑर पिट्सबर्गच्या मंडळीचा प्रमुख झाला. केंट स्टोवेल युटात विलमकडे शिकला, सॅन फ्रान्सिस्कोत ल्यूच्या मंडळीत नाचला आणि 1977 साली पत्नी फ्रान्सिया रसेलबरोबर सिअ‍ॅटलला गेला. तिथली पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅले दोघांनी 2005 पर्यंत चालवली आणि मोठी केली. नकाशा काढून बघितलं, तर अमेरिकेतल्या किती शहरांत क्रिस्टेन्सनांचा हात पोचला हे दिसतं.

1973 साली 'डान्स मॅगझिन'ने तिघा भावांना मिळून पुरस्कार दिला. योग्य केलं, कारण तिघांना वेगळं काढणं अशक्य आहे. विलमशिवाय प्रेक्षक जमला नसता आणि ल्यूशिवाय मंडळीला स्वतःची रचना, स्वतःची चाल मिळाली नसती. तरी एकाचंच नाव पुढे काढायला सांगितलं, तर मी हॅरल्डचं काढेन. पडदा फाडून पोशाख शिवता येतात, कर्ज झालं तर रस्त्यावर डबा फिरवता येतो, पण विसाव्या वर्षी रंगमंचावर उभी राहणारी मुलगी दहाव्या वर्षी कुणीतरी हाती घेतलेली असावी लागते. बॅले मंडळीच्या कलाविषयक नेतृत्वाचा विचार करताना नृत्यरचनाकारांची आणि संचालकांची यादी काढली जाते. तिच्यात शाळेच्या प्रमुखाचं नाव पहिल्या ओळीत असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ल्यू 1984 साली गेला, हॅरल्ड 1989 साली आणि विलम 2001 साली, वयाच्या 99व्या वर्षी. अमेरिकेत राहणारी अनेक मराठी कुटुंबं डिसेंबरात मुलांना घेऊन 'नटक्रॅकर'ला जातात. काहींच्या मुली त्यात छोटी कामंही करतात. सॉल्ट लेक सिटीच्या आसपास राहणाऱ्यांना किंवा तिकडे जाणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की विलमने बसवलेला 'नटक्रॅकर' बॅले वेस्ट ही मंडळी तिथे अजूनही दर नाताळला करते. तो जरूर पाहा.